हबीबचाचांचा खणांचा डबा

आईचा फोन आला तेव्हा मी यवतमाळच्या बसस्थानकावर कळंबच्या गाडीची वाट पाहत होते. शनिवार होता, मी घरीच निघाले होते. एवढ्यात काय सांगायचं असेल म्हणून जरा वैतागूनच फोन घेतला. "हबीबचाचा गेले वो बाई," आई म्हणाली. "सकाळी चाची उठवाले गेली तं..." शेजारी एक म्हातारी शेंगा सोलत बसली होती, तिच्याकडे बघत राहिले. आणि मग माझ्या तोंडून जे निघालं ते ऐकून दुसऱ्या कुणालाही नवल वाटलं असतं. मी विचारलं, "हात? हात चालू होता?" आईला मात्र नवल वाटलं नाही. ती लगेच म्हणाली, "हाव. काल सांजवरी चालू होता. तोंड वाकडं नाही, काही नाही. झोपीतच गेले." मग मला रडू आलं. रडताना कुठेतरी सुटल्यासारखंही वाटत होतं, आणि तसं वाटण्याची लाजही वाटत होती. त्या हाताची आम्हा सगळ्यांना इतकी काळजी का होती, ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे. मला असं काही लिहायची सवय नाही. नीट जमेल की नाही, माहीत नाही.

हबीबचाचा आमच्या गावचे मेकॅनिक. आमचं गाव कळंबपासून थोडं आत आहे. फाट्यावर एक चहाची टपरी, एक खताचं दुकान आणि चाचांचं टिनाचं शेड. मोटारसायकल, ऑइल इंजिन, पिठाची चक्की, जे फिरतं ते सगळं त्यांच्याकडे यायचं. पण सगळ्यांत जास्त यायचे ते फवारणीचे पंप. कापसाची ती वर्षं कशी होती हे या जिल्ह्यातल्या वाचकांना मी काय सांगणार. नवीन पंप घ्यायची कुणात ताकद नव्हती, जुनाच पुन्हा पुन्हा दुरुस्त व्हायचा. आणि पंप गळका असला की विषारी औषध पानावर पडायच्या आधी माणसाच्या पाठीवरून खाली उतरतं. ज्या हंगामात फवारणी करणारी माणसं दवाखान्यात भरती होऊ लागली, त्या हंगामात चाचा उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत नुसते वायसर बदलत होते. वायसर म्हणजे नळीच्या जोडात बसते ती छोटीशी चकती. ती झिजली की गळती सुरू. माझे बाबा म्हणायचे, "गावाच्या पाठी हबीबभाईच्या हातात आहेत." बाबा फार बोलणारे नाहीत, म्हणून ते वाक्य लक्षात राहिलं.

मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली. यवतमाळला बीएस्सीला प्रवेश घेतला, प्राणिशास्त्र विषय घेतला, आणि तेव्हापासून चाचांसाठी मी 'कॉलेजवाली' झाले. त्यांच्या मते कॉलेजात गेलेल्या माणसाला काहीही विचारता येतं. पालीची शेपटी तुटल्यावर का नाचते, उंदराला विजेची वायर का आवडते, मेलेल्या माणसाची नखं खरंच वाढतात का... मला बहुतेक वेळा काहीच माहीत नसायचं. मी म्हणायचे, "विचारून सांगते." ते म्हणायचे, "विचार, विचार. घाई नाही." आणि पुढच्या शनिवारी पहिला प्रश्न तोच. वर्गात मी कधी हात वर केला नव्हता. चाचांचे प्रश्न घेऊन सरांच्या खोलीत जाऊ लागले, तेव्हा सरांना वाटलं ही मुलगी फार जिज्ञासू आहे. ते प्रश्न फाट्यावरच्या शेडमधून येतात हे मी त्यांना खूप उशिरा सांगितलं.

त्यांच्या हृदयाची गोष्ट सुरू झाली ती पायाच्या जखमेपासून. इंजिनाचं झाकण पायावर पडलं, म्हणून ते पट्टी करायला प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. तिथे तेव्हा नव्या डॉक्टर मॅडम आल्या होत्या आणि त्यांनी एक शिस्त लावली होती. वय झालेला माणूस कशासाठीही येवो, खोकला असो की खरूज, सिस्टरनं त्याची नाडी पूर्ण मिनिटभर धरायची. थोडा वेळ मोजून चारानं गुणायचं नाही. सिस्टरनं चाचांचा हात धरला, सोडला, पुन्हा धरला. चाचा म्हणाले, "काय झालं बाई, मीटर बंद पडलं काय?" सिस्टर म्हणाली, "बंद नाही, पण मनाला येईल तसं चालू आहे." मग पट्ट्या लावून हृदयाचा कागद काढला. ठोक्यांमधली अंतरं एकसारखी नव्हतीच. मॅडमनी त्याचं इंग्रजी नाव सांगितलं आणि ते चाचांना म्हणता येईना, तेव्हा स्वतःच म्हणाल्या, "हृदयाची लय बिघडली आहे." चाचांनी कागद उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "असं म्हणा ना मग. मिसिंग मारून राह्यलं इंजिन."

त्या शनिवारी मी बाबांचा पंप घेऊन शेडमध्ये गेले, तर त्यांनी पाना बाजूला ठेवला आणि मनगट पुढे केलं. "लाव बोटं. पाह्य." मी तोपर्यंत कुणाची नाडी पाहिली नव्हती. आधी तर सापडेना. सापडली तेव्हा मला ती विचित्र वाटली: दोन ठोके लागोपाठ, मग काहीच नाही, मग एक अगदी बारीक, मग एक जोरात... पुढचा कधी येईल याचा अंदाज बांधायला जावं आणि दर वेळी चुकावं. मी दुसऱ्या हातानं माझी स्वतःची नाडी धरली. ती मुकाट्यानं एका चालीत चालली होती. चाचा माझ्या तोंडाकडे पाहत होते. त्यांना भीती वाटत नव्हती असं नाही. पण त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते नवं इंजिन उघडताना असायचं तेच. "काहून होत असन असं?" ते म्हणाले. "विचार बरं तुह्या सरले."

सरांनी फळ्यावर हृदय काढून दाखवलं. वरचे दोन कप्पे नीट आवळले जात नाहीत, नुसते थरथरतात. त्यामुळे तिथे रक्त रेंगाळतं, त्याची बारीक गाठ बनू शकते, आणि ती गाठ वाहत मेंदूपर्यंत गेली की लकवा. मी हे सगळं वहीत उतरवून आणलं आणि शेडमध्ये उभी राहून वाचून दाखवलं. चाचा मान हलवत ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे टाकीत पेट्रोल पडून राह्यलं की खाली गाळ बसते. अन् तो गाळ जाऊन जेटात अडकते, गाडी बंद." मी म्हटलं, "हो चाचा, तसंच." ते म्हणाले, "मंग ही डॉक्टरची गोळी काय करते? रक्त पातळ करते म्हणते. पाणी घालते काय त्याच्यात?" ते मला माहीत नव्हतं. पुढच्या शनिवारी सांगितलं की रक्त पातळ होत नाही, फक्त ते गोठायला उशीर लागतो. त्यांना हे फार आवडलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "पातळ बितळ नाही होत भौ, लोकं उगाच म्हणतात."

पण त्या गोळीचं एक आहे. ती कमी पडली तर गाठ, जास्त झाली तर रक्तस्राव. म्हणून दर काही आठवड्यांनी रक्त तपासून ते गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा काढायचा आणि त्याप्रमाणे गोळी कमी-जास्त करायची. चाचांच्या बाबतीत यात आणखी एक अडचण होती, त्यांचा धंदा. पत्रा, पाना, पेचकस... बोट कापलं नाही असा त्यांचा आठवडा जायचा नाही. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात तपासायला गेले तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की, आता हत्यारांचं काम सोडा. जुबेदाचाची, म्हणजे त्यांच्या पत्नी, माझ्या आईला म्हणाल्या, "काम सोडलं तं हे माणूस गोळी न घेताच मरीन." फवारणी तोंडावर आली होती. शेडबाहेर पंपांची रांग लागली होती. शेवटी चाचांनी स्वतःच ठरवलं: गोळीही घ्यायची आणि कामही करायचं. मॅडम त्यावर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ठीक आहे. पण मग रक्ताचा आकडा मला जागच्या जागी हवा. खालीवर झालेला चालणार नाही." सगळं त्या आकड्यावर येऊन थांबलं. तो जागेवर राहिला तर चाचांचे हात चालू, नाहीतर नाही.

त्याआधी चाचांचं औषधपाणी चार ठिकाणी विखुरलेलं होतं. रक्तदाबाची गोळी कळंबच्या खासगी डॉक्टरची, हृदयाची नागपूरची, रक्ततपासणी यवतमाळला, आणि गुडघे दुखले की औषधाच्या दुकानातून काहीतरी. प्रत्येक ठिकाणी नव्यानं सगळं सांगायचं, आणि एका ठिकाणचं दुसऱ्याला ठाऊक नाही. मॅडमनी ते सगळं एका टेबलावर आणलं. आठवड्यातला मंगळवार त्यांनी अशाच लोकांसाठी ठेवला. चाचांसारखे आणखीही निघाले होते, मिनिटभर नाडी धरायची म्हटल्यावर सापडत गेले. एका टेबलाशी सिस्टर नाडी आणि दाब पाहायची, तिथेच रक्त घ्यायची, ते यवतमाळच्या गाडीनं जायचं, दुसऱ्या दिवशी आकडा यायचा, आणि मॅडम नागपूरच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून गोळी ठरवायच्या. गुडघ्याची गोळी त्यांनी पहिल्याच मंगळवारी बंद केली. ती या गोळीसोबत चालत नाही म्हणाल्या. जेवण, तंबाखू, झोप सगळं विचारायच्या. रोज्याच्या महिन्यात गोळी केव्हा घ्यायची तेसुद्धा चाचांना शेजारी बसवून ठरवलं. चाचा टपरीवर सांगायचे, "आपल्या दवाखान्यात आता शोरूमसारखी सर्व्हिसिंग आहे. एकच गाडी, एकच मिस्तरी, सगळं एकाच टेबलावर."

आणि तरी आकडा जागेवर राहीना. एका मंगळवारी फार वर, पुढच्या खेपेला फार खाली. मॅडम बुचकळ्यात पडल्या. गोळी कमी केली, वाढवली, काही फरक नाही. मग प्रत्येकाचं आपापलं मत सुरू झालं. मॅडमना पालेभाज्यांचा संशय होता, कारण भाज्यांमुळे या गोळीचं काम बदलतं. त्यावर चाची म्हणाल्या, "अंबाडीची भाजी आठवड्यातून एकदा. तेवढ्यानं काय होते?" सिस्टरला वाटायचं चाचा गोळी चुकवतात, त्यावर चाची भडकल्या, "माह्या डोळ्यासमोर घेते, बाई! कुराण हाती देता का?" माझ्या आईचं मत होतं की सगळा दोष तंबाखूचा. मलाही खूप कुतूहल होतं. काय आत जातं ते माहीत आहे, काय बाहेर येतं ते माहीत आहे, मग मधे काय होतं? मी सरांना विचारलं, सरांनी पुस्तकं काढली, त्यांनाही कळेना. चाचा स्वतः मात्र या चौकशीत सगळ्यांत रमले होते. दुसऱ्याच कुणाच्या गाडीचा दोष शोधावा तसं बोलायचे. "कुठीतरी लीकेज आहे," म्हणायचे. "सापडन."

त्या दिवसांत त्यांचं बोट कापलं की सगळ्या शेडमध्ये धावपळ. सिस्टरनं त्यांना सांगून ठेवलं होतं की स्वच्छ कापूस दाबून धरायचा, मधे उघडून पाहायचं नाही. म्हणून चाचांनी औषधाच्या दुकानातून निळ्या कागदातली कापसाची गुंडाळी आणून खुंटीला टांगली होती. बाबा ती पाहून म्हणाले, "हबीबभाई, माह्या घरी खोलीभर पडला आहे, त्याले कोणी विचारत नाही. अन् तुम्ही हा बोटभर विकत आणला?" चाचा म्हणाले, "भौ, तुह्या कापसाले निळा कागद गुंडाळून पाह्य. मंग पाह्य भाव." दोघं खूप हसले. त्या वर्षी बाबांना हसताना मी फार वेळा पाहिलं नव्हतं.

मग तो प्रसंग घडला. मी शेडमध्येच होते. चाचा एका पंपाच्या दट्ट्याला तेल देत होते आणि मला काहीतरी विचारत होते. वाक्य मधेच अडखळलं. मला वाटलं शब्द आठवत असतील. तेवढ्यात पाना हातातून खाली पडला. त्यांनी खाली पाहिलं, उचलायला वाकले, बोटं पान्यावर गेली आणि पान्यावरच राहिली, मिटलीच नाहीत. ते स्वतःच्या हाताकडे बघत होते. बोलायला गेले तर तोंडातून नुसता घोळ निघाला. टपरीवाल्यानं गाडी काढली, आम्ही त्यांना केंद्रात नेलं, मॅडमनी लगेच अँब्युलन्सनं यवतमाळला पाठवलं. वाटेतच त्यांचा हात परत आला. बोटं हलू लागली, मग बोलणंही. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की गाठ बारीक होती, सुटली, पण हा इशारा आहे. त्या दिवशी आकडा खूप खाली होता. चाचा घरी आले आणि रोजच्यासारखे बोलू लागले, पण मी पाहिलं, मधूनच ते उजव्या हाताची मूठ मिटायचे आणि उघडायचे. कुणी पाहत नाही असं वाटलं की.

लीकेज सापडलं ते त्यानंतरच्या एका शनिवारी, आणि तेही मॅडमच्या स्कूटीमुळे. मॅडम केंद्रातून निघाल्या होत्या आणि स्कूटी फाट्यावर बंद पडली. ढकलत शेडमध्ये आणली. मी आणि बाबा तिथेच होतो. मॅडम सांगू लागल्या, की सकाळी नीट होती, मग आवाज आला, मग... चाचांनी हात वर केला. "सांगू नका मॅडम. चालू करून दाखवा." हे त्यांचं नेहमीचं वाक्य. गिऱ्हाईक सांगतं एक आणि गाडीत असतं दुसरंच, असं त्यांचं मत होतं. मॅडमनी चावी फिरवली, बटण दाबलं, आणि मधेच थांबल्या. स्कूटीवरचे हात तसेच ठेवून त्यांनी चाचांकडे पाहिलं. "चाचा," त्या म्हणाल्या, "तुम्हीपण मला इतके दिवस सांगतच आलात. आज गोळी घेऊन दाखवा."

"आता?"

"नुसती काढून दाखवा. रोज घेता तशी."

चाचांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. घर शेडला लागूनच होतं. ते आत गेले आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आले, ज्यात खण पाडलेले होते. अगदी तसाच एक डबा शेडमध्ये होता, वायसरांसाठी. हा गोळ्यांसाठी त्यांनी स्वतः बनवलेला. झाकण उघडलं आणि मॅडम वाकून पाहू लागल्या. एकाही गोळीला पाकीट नव्हतं. सगळ्या सोलून काढलेल्या, खणाखणांत सुट्या: सगळ्यांत मोठ्या एका खणात, मधल्या दुसऱ्यात. बारीक गोळ्यांचा तिसरा खण रिकामा होता.

"हे कोणी लावलं?" मॅडमनी विचारलं.

"म्याच." चाचांच्या आवाजात थोडा अभिमान होता. "साइजप्रमाणं. सकाळी मोठी अन् मधली, राती मधली, अन् बारीक होती तवर बारीकही. रंग उडते मॅडम, नाव मिटते. साइज खोटं बोलत नाही."

मॅडमनी मधल्या खणातल्या गोळ्या ओंजळीत घेतल्या आणि उजेडाकडे नेल्या. मग त्यांनी एकेक करून त्या सीटवर मांडायला सुरुवात केली. रक्तदाबाची आणि रक्ताची, म्हणजे रक्त गोठू न देणारी, दोन्ही एकाच आकाराच्या, दोन्ही पांढऱ्या. झालं होतं असं की रक्ताची गोळी आधी बारीक यायची. मधे केंद्रातला सरकारी पुरवठा बदलला, दुसऱ्या कंपनीची आली, ती थोडी मोठी. चाचांनी ती आपल्या नियमाप्रमाणे मधल्या खणात टाकली. त्या खणातून दिवसातून दोनदा एक गोळी निघायची, हाताला येईल ती. कधी दोन्ही वेळा रक्ताची, कधी एकदाही नाही. आणि बारीक खण रिकामा झाला तेव्हा चाचांना वाटलं तो कोर्स संपला. चाची खरंच सांगत होत्या. चाचांनी एकदाही गोळी चुकवली नव्हती.

"चाचा," मॅडम हळूच म्हणाल्या, "वायसरचं साइज खोटं बोलत नसेल. गोळीचं बोलतं."

चाचा त्या दोन गोळ्यांकडे पाहत राहिले. एक उचलली, दुसरी उचलली, दोन्ही बोटांच्या चिमटीत धरून एकमेकींना लावून पाहिल्या. मला वाटलं आता त्यांना वाईट वाटेल, नाहीतर ते घाबरतील. ते म्हणाले, "सापडलं ना लीकेज." आणि एकदम हसले. मग चाचींना हाक मारली, "जुबेदा, चाय ठेव! मॅडमनं फॉल्ट पकडला!" मॅडमही हसल्या, पण मी पाहिलं, त्यांचे डोळे भरून आले होते. स्कूटीचं काय झालं होतं ते मात्र आता आठवत नाही. चाचांनी ती चहा उकळेपर्यंत दुरुस्त केली होती.

त्या दिवसापासून मंगळवारच्या टेबलावर एक नवीन रीत सुरू झाली. प्रत्येकानं आपल्या गोळ्या घरी जशा ठेवतो तशाच आणायच्या आणि टेबलावर ओतायच्या. सिस्टर म्हणाली, काय काय निघतं म्हणून सांगू! कुणाच्या तांदळाच्या डब्यातून, कुणाच्या पदराच्या गाठीतून, एकाच्या तर मुलाच्या कंपासपेटीतून. चाचांचा डबा मॅडमनी टाकून द्यायला लावला नाही. सिस्टरनं कात्रीनं पाकिटं एकेका गोळीपुरती कापली, नाव दिसेल अशी, आणि ती त्याच खणांत ठेवली. एकच गोळी दोनदा घेतली जाऊ नये म्हणून चाचांनी स्वतः एक युक्ती केली. डब्यात शेवटी दोन खण रिकामे होते. डावीकडच्या खणात त्यांनी पितळेचा एक वायसर ठेवला. रात्री रक्ताची गोळी घेतली की वायसर उजवीकडे टाकायचा. सकाळी चाचींनी तो परत डावीकडे आणायचा. म्हणजे रात्री शंका आली की फक्त वायसर कुठे आहे ते पाहायचं. चाची सांगायच्या, "उठल्यावर आधी वायसर, मंग चाय." आकडा हळूहळू जागेवर आला, आणि राहिला. हंगामामागून हंगाम गेले. माझी बीएस्सी झाली, पुढे त्याच कॉलेजात मी एमएस्सीला राहिले. पंप येत राहिले. चाचा हातमोजे घालत आणि त्यांना शिव्या देत काम करत राहिले.

मला हे खूप मोठं काही वाटलं नव्हतं तेव्हा. आता वाटतं. कुठल्याही मोठ्या यंत्राशिवाय, एका टेबलावर, एका माणसाची सगळी औषधं, सगळे डॉक्टर आणि त्याचं घर एकत्र आणलं गेलं, आणि एक हात वाचला. असं मला वाटतं. चूकही असेल.

त्या गोळीनं हृदय मात्र नवं झालं नाही. चाचांनी मॅडमना ते फार आधीच विचारून घेतलं होतं. "गोळीनं इंजिन नवं होत नाही ना?" मॅडम म्हणाल्या, "नाही होत चाचा. गाळ अडकत नाही, एवढंच." गेल्या हिवाळ्यात त्यांना दम लागू लागला, पाय सुजू लागले. वर्षानुवर्षं तसं चालून हृदय थकलं होतं. नागपूरलाही नेलं, गोळ्या वाढल्या, डब्यात नवे खण पडले. मी शेवटची भेटले ती ते गेले त्याच्या आधीच्या शनिवारी. शेडच्या दारात खाटेवर बसून ते एका पोऱ्याला पंपाचं नोझल कसं साफ करायचं ते दाखवत होते. मला पाहून मनगट पुढे केलं, नेहमीसारखं. मी बोटं लावली. तीच ती चाल, दोन लागोपाठ, मग काहीच नाही, मग एक...

"मी लई दिवस झाले ऐकून राह्यलो," ते म्हणाले. "राती झोप नाही आली की ऐकत बसतो. वाटते, याच्यात काही हिशेब असन. कोणता ठोका कवा येईन त्याचा. आपल्यालेच समजत नसन." मग म्हणाले, "विचार बरं तुह्या सरले. घाई नाही."

मी सोमवारी सरांना विचारलं. सर म्हणाले की लोकांनी शोधून पाहिलं आहे, पण पुढचा ठोका केव्हा येईल हे कुणाला सांगता आलेलं नाही. मी त्या शनिवारी तेच सांगायला निघाले होते. बसस्थानकावर उभी होते.

चाळिसावा दिवस झाल्यावर मी आईबरोबर चाचींकडे गेले. उरलेल्या गोळ्या परत द्याव्यात, दुसऱ्या कुणाच्या कामी येतील म्हणून चाची त्याआधी केंद्रात जाऊन आल्या होत्या. सिस्टरनं सवयीनं डबा टेबलावर ओतायला उचलला आणि मग तसाच ठेवून दिला. म्हणाली, एकदा घरात राहिलेल्या गोळ्या दुसऱ्याला देता येत नाहीत. तेवढ्या तिनं काढून घेतल्या आणि डबा परत केला. तो आता चाचींच्या फळीवर आहे. मी विचारून उघडला. गोळ्यांचे खण रिकामे होते. शेवटचे दोन खण मात्र कुणी हलवले नव्हते.

वायसर उजवीकडे होता.

"त्या राती घेतली होती त्यानं," चाची माझ्या मागून म्हणाल्या. "सकाळी मले डावीकडं करायचा होता. मंग राहूनच गेलं."

मी झाकण लावलं. त्यांना विचारलं, "करू का डावीकडे?"

चाचींनी डबा माझ्या हातून घेऊन फळीवर ठेवला. "नको," म्हणाल्या. "राहू दे. घेतली ना त्यानं."